दुखत नाहीये ना, मग कशाला दाखवायचं? ब्रेस्ट कॅन्सरबद्दल जरा सरळ बोलूया

सोसायटीच्या हळदीकुंकवात, भिशीत, पुण्यात तळजाई टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्या ग्रुपमध्ये बायका गुडघे, थायरॉईड, शुगर यावर तासभर बोलतील, पण छातीत गाठ लागतेय हे कोणी मोठ्याने बोलत नाही. आणि चुकून कोणी बोललीच तर शेजारची लगेच विचारते, दुखतंय का गं? नाही? मग काही नसेल, दुधाची गाठ असेल. झालं, विषय संपला. माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडे या आजारात केमोच्या भीतीपेक्षाही जास्त नुकसान या एका समजुतीने होतं, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

छाती म्हणजे स्तन दुखणं, जड होणं, पाळीच्या आधी हात लावू न देणं हे बहुतेक वेळा हॉर्मोन्समुळे असतं आणि पाळी आली की कमी होतं. कॅन्सरची गाठ मात्र सुरुवातीला बहुतेकदा अजिबात दुखत नाही. ती आंघोळ करताना सहज हाताला लागते, थोडी कडक, कडा वेड्यावाकड्या, बोटाने हलवली तर फारशी हलत नाही. म्हणजे दुखत नसलेली गाठ हे निश्चिंत होण्याचं नाही तर उलट दाखवायला जाण्याचं कारण आहे. आता याचा अर्थ प्रत्येक गाठ कॅन्सर असं अजिबात नाही हां, हाताला लागणाऱ्या बहुतेक गाठी साध्याच निघतात, तरुण मुलींमध्ये फायब्रोअॅडेनोमा असतो जो बोटाखालून सटकतो, चाळिशीच्या आसपास पाण्याच्या गाठी म्हणजे सिस्ट होतात. पण कुठली साधी आणि कुठली नाही हे बोटाने कळत नाही, शेजारणीच्या बोटाने तर नाहीच, आणि अनुभवी सर्जनसुद्धा नुसत्या हाताने सांगून मोकळा होत नाही.

आत नेमकं काय असतं ते आधी बघू. नारायणगावच्या द्राक्षाचा घड डोळ्यासमोर आणा, मणी म्हणजे दूध तयार करणाऱ्या छोट्या ग्रंथी आणि देठ म्हणजे ते दूध निपलपर्यंत आणणाऱ्या नळ्या, आणि या सगळ्याच्या आजूबाजूला चरबी. बहुतेक ब्रेस्ट कॅन्सर या देठांमध्ये म्हणजे नळ्यांच्या आतल्या अस्तरात सुरू होतात. तिथल्या पेशी गरज नसताना वाढायला लागतात, आणि जोपर्यंत त्या नळीच्या आतच आहेत तोपर्यंत त्याला डीसीआयएस म्हणतात, हा टप्पा हाताला सहसा लागतच नाही, मॅमोग्राममध्ये म्हणजे स्तनांच्या एक्स-रेमध्ये कॅल्शियमच्या बारीक ठिपक्यांसारखा दिसतो. त्यातले सगळेच पुढे पसरतात असं नाही, पण नळीची भिंत फोडून पेशी बाहेर पडल्या की मग त्या काखेतल्या गाठींकडे म्हणजे लिम्फ नोड्सकडे जाऊ शकतात आणि रक्तातून हाडं, फुप्फुस, लिव्हर, मेंदूपर्यंत. लवकर सापडणं म्हणजे या प्रवासात जितक्या अलीकडे जमेल तितक्या अलीकडे त्याला गाठणं.

भारतातल्या बायकांमध्ये आज सगळ्यात जास्त सापडणारा कॅन्सर हाच आहे. 2022 च्या जागतिक अंदाजानुसार भारतात एका वर्षात सुमारे 1 लाख 92 हजार नवीन केसेस आणि सुमारे 98 हजार मृत्यू. निदान झाल्यावर पाच वर्षांनी अमेरिकेत साधारण 90 टक्के बायका हयात असतात, आपल्याकडे साधारण 66 टक्के. उपचार तर बऱ्यापैकी तेच आहेत, औषधंही आता इथे मिळतात, मग फरक का? पैसा, अंतर, अर्धवट सोडलेले उपचार हे सगळं आहेच, पण मोठा भाग हा की आपल्याकडे बायका उशिरा पोचतात, गाठ लिंबाएवढी झाल्यावर, काखेत पसरल्यावर. आणि वयाचंही एक आहे, पाश्चात्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे हा आजार साधारण दहा वर्षं आधी दिसतो, चाळिशी-पन्नाशीत, म्हणजे नेमकं घर, नोकरी, सासूबाईंचं आजारपण आणि मुलाची बारावी एकदम अंगावर असतं तेव्हा. मग गौरी-गणपती होऊ देत, मग दिवाळी होऊ दे, मग पुतणीचं लग्न, असं करत सहा महिने कधी जातात कळत नाही, आणि घरातल्या कोणाला पत्ताच नसतो कारण बाईने सांगितलेलंच नसतं.

गाठीशिवाय आणखी कशाकडे लक्ष द्यायचं? एका बाजूची कातडी खेचल्यासारखी होऊन खळगा पडणं, कातडी संत्र्याच्या सालीसारखी जाड आणि छिद्रांची दिसणं, नेहमी सरळ असलेलं निपल आत ओढलं जाणं (ज्यांचं पहिल्यापासूनच तसं आहे त्यांनी घाबरू नये), न दाबता एकाच बाजूने रक्तासारखं किंवा पाण्यासारखं काही येणं, निपलवर खरूज झाल्यासारखं होऊन मलमाने बरं न होणं, काखेत गाठ, किंवा ब्लाउज अचानक एकाच बाजूला घट्ट व्हायला लागणं. एक प्रकार असाही आहे ज्यात गाठ लागतच नाही, पूर्ण छाती लाल, गरम आणि सुजलेली होते, इन्फेक्शन समजून अँटिबायोटिक दिलं जातं. अंगावर पाजणाऱ्या बाईला खरंच इन्फेक्शन असू शकतं, पण कोर्स पूर्ण करूनही लाली आठ-पंधरा दिवसांत गेली नाही तर तिथे थांबायचं नाही, ब्रेस्टचं काम करणाऱ्या सर्जनला दाखवायचं. आणि हो, पुरुषांनाही होतो, शंभरातला जवळपास एक पेशंट पुरुष असतो, ते तर आणखीनच उशिरा जातात कारण त्यांच्या डोक्यातच येत नाही.

आता दर महिन्याला आरशासमोर उभं राहून स्वतः तपासायचं का? इथे थोडी गंमत आहे. चीनमध्ये शांघायच्या कापड गिरण्यांमधल्या अडीच लाखांहून जास्त बायकांवर मोठा अभ्यास झाला, निम्म्यांना स्वतः तपासायला शिकवलं, निम्म्यांना नाही, 2002 मध्ये निकाल आले तर दोन्ही गटांत मृत्यू सारखेच, उलट शिकवलेल्या गटात साध्या गाठींच्या बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणं) जास्त झाल्या. म्हणून आता डॉक्टर लोक तारखा आणि गोल गोल बोटं फिरवण्याच्या पद्धतीवर फार जोर देत नाहीत, आपलं शरीर नेहमी कसं असतं ते माहीत असू दे आणि बदल दिसला की दाखवा, एवढंच सांगतात. मला हे पटतं, कारण बदल ओळखायला आधी नेहमीचं काय ते माहीत पाहिजे आणि आपल्याकडे अनेकींना स्वतःच्या शरीराकडे बघायचीच लाज वाटते. ज्यांना पाळी येते त्यांनी पाळी संपल्यावर आठवड्याभरात बघावं, तेव्हा छाती मऊ असते.

दुसऱ्याच्या हाताने, म्हणजे शिकलेल्या हाताने केलेली तपासणी मात्र आपल्यासारख्या ठिकाणी खरंच कामाची आहे आणि याचा पुरावा आपल्या शेजारचाच आहे. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने 1998 पासून वस्त्यांमधल्या दीड लाखांहून जास्त बायकांना घेऊन वीस वर्षं हा अभ्यास केला. डॉक्टर नाही, मॅमोग्राम नाही, नुसत्या प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका, दर दोन वर्षांनी हाताने तपासणी. निकाल 2021 मध्ये छापून आला, तपासणी झालेल्या गटात आजार आधीच्या स्टेजला सापडला आणि 50 च्या पुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी. पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये तसा ठळक फायदा दिसला नाही, हेही सांगायला हवं. सरकारच्या कार्यक्रमात 30 च्या पुढच्या बायकांची अशी तपासणी आरोग्य केंद्रात फुकट होते, पण किती जणी जातात हो? मावशींना, घरकामाला येणाऱ्या ताईंना आपणच सांगायला पाहिजे.

मॅमोग्राम म्हणजे स्तनांचा एक्स-रे, दोन पट्ट्यांमध्ये काही सेकंद दाबून काढतात, दुखतं, खोटं कशाला बोलू, पण तेवढ्यापुरतं. रेडिएशनला घाबरणाऱ्यांसाठी, एका मॅमोग्रामचं रेडिएशन आपल्याला निसर्गातून साधारण सात आठवड्यांत असंच मिळतं तेवढं असतं. त्या दिवशी काखेत डिओ किंवा पावडर लावून जायचं नाही, ते फोटोत कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखं दिसतं आणि मग उगाच धावपळ. तक्रार नसताना चाळिशीनंतर एक-दोन वर्षांनी करा असं साधारण सांगतात, पण तरुण वयात छातीचा भाग दाट असतो आणि फोटोत दाट भागही पांढरा, गाठही पांढरी, म्हणून पस्तिशीच्या आतल्या मुलींना आधी सोनोग्राफी सांगतात, आणि गाठ हाताला लागतेय पण मॅमोग्राम नॉर्मल आला तर तिथे विषय संपत नाही, पुढे तपासायलाच लागतं. रिपोर्टवर बायरॅड्स म्हणून 0 ते 6 आकडा असतो तो बघून गुगल करत बसू नका, 0 म्हणजे अजून फोटो हवेत, 1-2 ठीक, 3 म्हणजे बहुधा साधं पण सहा महिन्यांनी परत बघू, 4 आणि 5 म्हणजे बायोप्सी करा. चारमध्येसुद्धा बरेच जण साधे निघतात.

बायोप्सीवर मला जरा जास्त बोलायचंय कारण सगळा घोळ इथे होतो. सुई लावली की कॅन्सर पसरतो, हे वाक्य मी शिकल्यासवरल्या, कोथरूडमध्ये थ्री बीएचकेमध्ये राहणाऱ्या इंजिनिअर लोकांच्या तोंडून ऐकलंय. पसरत नाही. पसरतो तो सुई न लावता घालवलेल्या महिन्यांमध्ये. ट्रू-कट बायोप्सीत जागा बधिर करून जाड सुईने गाठीतले बारीक लांबट तुकडे काढतात, टाके नाहीत, बाई त्याच दिवशी रिक्षाने घरी. दुसरा घोळ याच्या उलटा, एखाद्या छोट्या नर्सिंग होममध्ये सांगतात की आधी गाठ काढून टाकू मग तपासायला पाठवू, घरच्यांनाही बरं वाटतं, निघून गेली एकदाची. पण ती कॅन्सर निघाली तर कडा पूर्ण निघाल्यात का कळत नाही, काखेचं प्लॅनिंग झालेलं नसतं, केमो आधी द्यायला पाहिजे होती का हा प्रश्नच हातातून जातो, आणि बहुतेक वेळा दुसरं ऑपरेशन. म्हणून आधी सुई, मग रिपोर्ट, मग प्लॅन, हा क्रम सोडायचा नाही, घाई असली तरी. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे की बाई पहिल्यांदा डॉक्टरकडे आल्यापासून 60 दिवसांच्या आत निदान पूर्ण झालं पाहिजे, आणि पुण्यासारख्या शहरात, जिथे लॅब आणि स्कॅन सेंटर गल्लोगल्ली आहेत, तिथे मनात आणलं तर हे काम आठवडा-दोन आठवड्यांत होतं.

बायोप्सीचा पहिला रिपोर्ट कॅन्सर आहे की नाही ते सांगतो. आठवड्याने येतो तो आयएचसी रिपोर्ट आणि खरा महत्त्वाचा तो, त्यात तीन गोष्टी बघतात, ईआर, पीआर आणि हर-टू. ईआर-पीआर पॉझिटिव्ह म्हणजे गाठ बाईच्या हॉर्मोन्सवर पोसली जातेय, मग ते हॉर्मोन अडवणाऱ्या गोळ्या चालतात. हर-टू पॉझिटिव्ह म्हणजे पेशीवर एक प्रोटीन खूप जास्त आहे, हा प्रकार पूर्वी फार वाईट मानायचे, पण 1998 मध्ये अमेरिकेत ट्रास्टुझुमॅब हे औषध मंजूर झालं आणि चित्रच बदललं, नंतर भारतीय कंपन्यांनीही ते बनवायला घेतलं आणि किंमत बरीच खाली आली, तरी वर्षभराचा कोर्स आहे, स्वस्त नाही. रिपोर्टवर हर-टू 2+ आलं तर ते हो पण नाही आणि नाही पण नाही, फिश नावाची आणखी एक टेस्ट करून ठरवतात. तिन्ही निगेटिव्ह तर ट्रिपल निगेटिव्ह, हा आपल्याकडे पाश्चात्य देशांपेक्षा जास्त आणि तरुण बायकांमध्ये जास्त दिसतो, जरा आक्रमक असतो, हॉर्मोनच्या गोळ्या चालत नाहीत, केमोवर भर आणि आता काही जणींना इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध. म्हणून शेजारणीच्या नणंदेला अमुक इंजेक्शन दिलं मग तुला का नाही, या प्रश्नाला काही अर्थ नाही, आजाराचं नाव एक असलं तरी आजार वेगळे आहेत.

उपचारांचा क्रमही यावरच ठरतो. काहींना आधी ऑपरेशन, काहींना आधी केमो, विशेषतः हर-टू पॉझिटिव्ह आणि ट्रिपल निगेटिव्हच्या जरा मोठ्या गाठींना, म्हणजे गाठ आक्रसते आणि औषध लागू पडतंय का तेही डोळ्याने दिसतं. कधी कधी गाठ पूर्ण गायब होते, म्हणून केमोच्या आधी आत धातूची बारीक क्लिप ठेवतात, नाहीतर नंतर सर्जनने शोधायचं कुठे. आणि पूर्ण स्तन काढला तरच सुरक्षित हे खरं नाही. गाठ आणि आजूबाजूचा भाग काढून नंतर रेडिएशन दिलं तर जगण्याची शक्यता पूर्ण काढण्याइतकीच असते, वीस वर्षांचा पाठपुरावा केलेल्या अमेरिकेतल्या आणि इटलीतल्या अभ्यासांचे निकाल 2002 मध्येच आलेत. सगळ्यांना ते जमत नाही, गाठ दोन-तीन ठिकाणी असेल, फार मोठी असेल तर पूर्ण काढावंच लागतं, पण पर्याय आहे का हे विचारायचा हक्क बाईचा आहे, अहोंचा किंवा दिरांचा नाही. केबिनमध्ये सगळे भाऊजी बोलतात आणि जिची छाती आहे ती गप्प बसलेली असते, हे चित्र मला फार खटकतं. काखेतल्याही सगळ्या गाठी पूर्वी सरसकट काढायचे, आता शक्य असेल तिथे निळा डाय टाकून कॅन्सर सगळ्यात आधी जिथे पोचेल त्या पहिल्या दोन-चार गाठी शोधतात, त्यात काही नसेल तर बाकीच्यांना हात लावत नाहीत, त्यामुळे हात सुजण्याचा त्रास बराच कमी होतो.

केमोत केस जातात, कोर्स संपल्यावर काही महिन्यांत येतात. लाल रंगाच्या औषधाला सगळे घाबरतात, मळमळीची औषधं आता पूर्वीपेक्षा खूप चांगली आहेत. लक्षात ठेवायची गोष्ट वेगळीच, केमो चालू असताना 100.4 च्या वर ताप आला तर घरी क्रोसिन घेऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता का होईना हॉस्पिटलला फोन, कारण पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात. ज्यांना पुढे मूल हवंय त्यांनी केमोच्या आधीच डॉक्टरांना सांगायचं, बीजांडं गोठवून ठेवता येतात, नंतर सांगून उपयोग नसतो. रेडिएशन पूर्वी पाच-सहा आठवडे चालायचं, आता बऱ्याच जणींचं पंधरा सिटिंगमध्ये तीन आठवड्यांत होतं, साताऱ्या-सोलापूरहून येऊन पुण्यात नातेवाइकांकडे राहणाऱ्यांसाठी हा फरक केवढा मोठा आहे ते त्यांनाच विचारा. आणि मग ईआर-पीआर पॉझिटिव्ह असेल तर हॉर्मोनच्या गोळ्या, टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल, पाच वर्षं, कधी दहा. या गोळ्या दिसायला साध्या म्हणून बायका मध्येच सोडतात, अंगातून वाफा येतात, सांधे दुखतात, आता बरी आहे ना मग कशाला. सोडू नका, त्रास होत असेल तर औषध बदलून मिळतं.

पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन, केमो, रेडिएशन बसतं, वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंत, पॅनलवरच्या हॉस्पिटलमध्ये. रेशन कार्ड आणि आधार घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला भेटायचं, आणि हे अॅडमिट व्हायच्या आधी करायचं, बिल भरून झाल्यावर नाही. पुण्यात फक्त ब्रेस्ट कॅन्सरवर काम करणारी प्रशांती कॅन्सर केअर मिशनसारखी संस्था आहे, आयसर या विज्ञान संस्थेबरोबर त्यांचं संशोधनही चालतं, म्हणजे प्रत्येक वेळी परळचं टाटा हॉस्पिटल गाठायलाच पाहिजे असं राहिलेलं नाही.

टाळता येतो का? पूर्ण नाही. बाई असणं आणि वय वाढणं हीच दोन सगळ्यात मोठी कारणं, त्याला काय करणार. पाळी लवकर सुरू होणं, उशिरा बंद होणं, पहिलं मूल उशिरा होणं किंवा न होणं, यात हॉर्मोन्सचा संपर्क वाढतो, पण म्हणून कोणी पंचविशीत मूल होऊ द्या असले सल्ले देऊ नयेत. हातात आहे ते म्हणजे पाळी गेल्यावर वजन वाढू न देणं, आठवड्याला दीडशे मिनिटं घाम येईल असं चालणं (गप्पा मारत तळजाईला एक फेरी आणि मग मिसळ, हे धरत नाहीत), दारू नाही किंवा अगदी कमी, आणि जमेल तितकं अंगावर पाजणं, एकूण बारा महिने पाजलं की धोका सुमारे 4 टक्क्यांनी कमी होतो असं मोठ्या अभ्यासात दिसलंय. काळी ब्रा, तार असलेली ब्रा, डिओ, ब्लाउजमध्ये ठेवलेलं पाकीट, लहानपणी लागलेला मार, यांचा काही संबंध नाही, व्हॉट्सअॅपवर काहीही येऊ दे.

घराण्यात असेल तरच होतो हाही गैरसमज, शंभरातल्या पाच ते दहा जणींनाच तो जीनमधून आलेला असतो, बाकीच्यांच्या घरात तसा जीन नसतो. पण आई किंवा बहिणीला लहान वयात झाला, किंवा घरात ओव्हरीचाही कॅन्सर आहे, तर बीआरसीए टेस्टबद्दल, म्हणजे धोका वाढवणारा जीन आहे का ते बघणाऱ्या टेस्टबद्दल विचारायचं, आणि हा जीन वडिलांकडूनही येतो, त्यामुळे आत्याची माहितीही डॉक्टरांना द्यायची. शक्यतो ज्या बाईला आजार झालाय तिची टेस्ट आधी करतात. पॉझिटिव्ह आली तर लवकर आणि एमआरआयने तपासण्या, किंवा काही जणी आधीच स्तन काढून घेण्याचा निर्णय घेतात, अँजेलिना जोलीने 2013 मध्ये जाहीर सांगितलं होतं ते हेच.

उपचार संपल्यावर दर वर्षी मॅमोग्राम आणि ठरलेल्या वेळी डॉक्टरांचा हात, बहुतेकींना एवढंच लागतं, काही त्रास नसताना दर सहा महिन्यांनी पेट स्कॅन म्हणजे पूर्ण शरीराचा स्कॅन करून घ्यायची गरज नसते, त्याने आयुष्य वाढत नाही, खर्च आणि धडधड तेवढी वाढते. पण नवीन आणि सतत राहणारी हाडदुखी, खोकला, डोकेदुखी असेल तर पुढच्या तारखेपर्यंत थांबायचं नाही. हाताचे व्यायाम चालू ठेवायचे, हात जड वाटायला लागला की लगेच फिजिओथेरपिस्ट. आणि सगळे रिपोर्ट, विशेषतः आयएचसी आणि ऑपरेशननंतरचा बायोप्सी रिपोर्ट, एका फाइलमध्ये आणि मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, बायोप्सीचे मेणाचे ब्लॉक लॅबकडे असतात, दुसरं मत घ्यायचं असेल तर ते मागून घेता येतात आणि त्यासाठी डॉक्टरांना वाईट वाटेल म्हणून संकोच करायचं काही कारण नाही.